मेंदूतलं पाणी आणि पीएचडीचा हिशेब

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा, म्हणजे फेलोशिपचा, आणि तिच्या संख्येला लावलेल्या कात्रीचा विषय निघाला. तो मांडणारे सदस्य आमच्या कोल्हापूरचेच होते. सरकारच्या बाजूने उत्तर देताना, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचे उद्गार निघाले आणि विद्यार्थी संतापले. संताप रास्तच होता. त्यानंतर मुलांच्या बाजूने जे बोललं-लिहिलं गेलं त्यात घरची परिस्थिती होती, सामाजिक न्याय होता, बेरोजगारी होती. त्यातलं काहीच खोटं नाही. पण मूळ प्रश्नाला, म्हणजे संशोधनातून नेमकं काय निघतं, किती वर्षांनी निघतं आणि ते आधी सांगता येतं का, याला सरळ भिडणारं उत्तर माझ्या वाचनात फारसं आलं नाही. मी प्राणिशास्त्र शिकवते. ते उत्तर माझ्या विषयातल्या एका उदाहरणावरून देता येईल असं मला वाटतं. उदाहरण आहे मेंदूतल्या पाण्याचं.

कवटीत मेंदूभोवती आणि मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये एक स्वच्छ, रंगहीन द्रव असतो. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात, पुस्तकात तो मस्तिष्कमेरू द्रव असतो आणि दवाखान्याच्या वॉर्डात ते 'पाठीतलं पाणी' असतं, कारण तपासणीसाठी ते कमरेच्या मणक्यांमधून सुईने काढतात. मोठ्या माणसात हा द्रव एकूण दीडशे मिलिलिटरच्या आसपास भरतो, पण दिवसभरात तयार होतो अर्धा लिटर. म्हणजे रोज तीनेक वेळा तो पूर्ण बदलला जातो. तो तयार करते मेंदूच्या पोकळ्यांत झालरीसारखी लोंबणारी एक नाजूक ऊती. तिचं नाव कोरॉइड प्लेक्सस.

नेपल्समधल्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने १७६४ मध्ये या द्रवाचं नीट वर्णन केलं. त्याआधीच्या शरीररचनाकारांना तो का दिसला नाही, याचं कारणही त्यानेच सांगितलं: विच्छेदन करताना ते आधी डोकं धडावेगळं करत आणि द्रव वाहून जाई. पुढे १८९१ मध्ये जर्मनीत हाइनरिश क्विंके यांनी कमरेतून सुई घालून तो काढायची पद्धत रूढ केली. ती आजही तशीच चालते. मग बराच काळ या द्रवाबद्दलचं ज्ञान दोन ओळींत मावत राहिलं. मेंदूला धक्क्यापासून वाचवतो आणि घाण वाहून नेतो. परीक्षेत एवढं लिहिलं की दोन मार्क मिळत, आणि अजूनही मिळतात.

आता एका अंड्याकडे या. बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्या कुणालाही कोंबडीच्या भ्रूणाचं प्रात्यक्षिक आठवत असेल. हॅचरीतून फलित अंडी आणायची, इन्क्युबेटरमध्ये अडतीस अंशांच्या आसपास अठ्ठेचाळीस तास ठेवायची, मग कोमट सलाईनच्या वाडग्यात अलगद फोडायची. पिवळ्या बलकावर रक्तवाहिन्यांचं लाल जाळं पसरलेलं असतं आणि मधोमध एक ठिपका धडधडत असतो. ते हृदय. फिल्टर पेपरची चकती त्याभोवती ठेवून, कडेने कात्री फिरवून भ्रूण उचलायचा आणि वॉच ग्लासमध्ये घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याच्या बाजूला एकापुढे एक असे पारदर्शक फुगे दिसतात. पहिल्यांदा पाहणारी मुलं विचारतात, "मॅडम, हे आतनं रिकामं हाय काय?" रिकामं नसतं. त्यात पाणी असतं. मेंदू म्हणण्याजोगं अजून फारसं काही घडलेलं नसताना तिथे द्रव आहे आणि तो दाबाखाली आहे.

त्या दाबाचं काम काय, हे १९७७ मध्ये मेरी डेसमंड आणि अँटोन जेकबसन यांनी जवळपास अशाच अंड्यांवर तपासलं. भ्रूणाच्या मेंदूत त्यांनी एक बारीक नळी घातली, म्हणजे द्रव साचण्याऐवजी बाहेर झिरपत राहील. बाकी काही छेडलं नाही. मेंदूची वाढ खुंटली. पोकळी लहान राहिलीच, पण मेंदूच्या ऊतीतल्या पेशींची संख्याही जवळपास निम्म्यावर आली. पाण्याचा दाब नसेल तर मेंदू पेशीच कमी बनवतो, हे हॅचरीतल्या अंड्यावर दिसलं. अंडी, इन्क्युबेटर, सूक्ष्मदर्शक आणि स्थिर हात: यातल्या पहिल्या तीन गोष्टी आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी कॉलेजांत आज आहेत. चौथी सरावाने येते.

मग प्रश्न पुढे सरकतो. नुसता दाबच, की त्या पाण्यात आणखी काही आहे? बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या मारिया लेहटिनेन यांनी आपली कारकीर्द या प्रश्नाला वाहिली. क्रिस्टोफर वॉल्श यांच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की भ्रूणाच्या मेंदूतला द्रव वाढीचे निरोप वाहून नेतो. त्यातला एक महत्त्वाचा निरोप म्हणजे इन्सुलिनशी नातं सांगणारा आयजीएफ-२ हा रेणू. मेंदूच्या जनक पेशी पोकळीच्या काठावर असतात, त्यांचं एक टोक थेट द्रवात असतं आणि त्या टोकावर हा निरोप झेलणारी ग्राहके असतात. मेंदूच्या कवचाचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, तुकडा भ्रूणाच्या द्रवात वाढवला तर पेशी जोमाने विभागतात. द्रवाचं वय बदललं की फरक पडतो, कारण वयागणिक त्यातले घटक बदलतात. ज्याला आपण सांडपाणी समजत होतो ते विकसित होणाऱ्या मेंदूशी बोलत होतं.

त्यांच्या गटाने २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. कोरॉइड प्लेक्ससच्या पेशींवर क्षार आणि पाणी आत-बाहेर करणारं एनकेसीसी-१ नावाचं प्रथिन असतं. नवजात उंदरांमध्ये हे प्रथिन काही दिवस द्रव मेंदूबाहेर काढून घेण्याचं काम करतं, असं त्यांना आढळलं. द्रव बनवणारी ऊतीच काही काळ द्रव उपसते. मग त्यांनी उंदरांच्या त्या ऊतीत हे प्रथिन जास्त प्रमाणात बनेल अशी व्यवस्था केली, तर डोक्यात पाणी साचण्याचं प्रमाण कमी झालं. हे उंदरातलं आहे, बाळातलं नाही, आणि त्या दोहोंमध्ये बरीच वर्षं जातात. तरी दिशा कुठून आली ते बघा. वीस वर्षांपूर्वी एखाद्या मंत्र्याने त्या प्रयोगशाळेत जाऊन "याचा उपयोग काय" असं विचारलं असतं, तर प्रामाणिक उत्तर "ठाऊक नाही" हेच असतं.

अमेरिकेचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, त्यांना परवडतं. म्हणून मुंबईचं देते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, शुभा टोळे १९९९ पासून मेंदूचं कवच कसं घडतं याचा अभ्यास करतात. मेंदूच्या कवचाची एक कड असते, तिथून सुटणारे संकेत शेजारच्या भागाला काय बनायचं ते सांगतात. अल्झायमरमध्ये ज्याची आधी पडझड होते तो हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग, त्या संकेतांवर घडतो, हे त्यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवलं. त्याच कडेतून कोरॉइड प्लेक्सस उगवतं. त्यांच्याच गटाने २०२२ मध्ये मांडलं की उंदरात यांतला एक संकेत प्रमाणाबाहेर चालू राहिला तर कोरॉइड प्लेक्ससच्या पेशी आपली ओळख गमावतात आणि चेतापेशींच्या वळणावर जाताना दिसतात. तिथे हे काम इतकी वर्षं होऊ शकलं याला माणसांची बुद्धी जितकी कारण आहे तितकीच संस्थेची रीतही आहे. पगार वेळेवर, उपकरणं चालू, आणि प्रश्न बदलायची सक्ती नाही. कोल्हापुरातून मुंबईला रात्रीची गाडी पकडली की सकाळी माणूस पोहोचतो, पण संशोधनाच्या व्यवस्थेतलं अंतर याहून फार मोठं आहे.

आता दवाखान्याकडे. आमच्या सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, कोल्हापूर जिल्ह्याबरोबरच कोकणातून आणि सीमाभागातूनही रुग्ण येतात. बाळाचं डोकं वाढतंय, टाळू फुगलीय, डोळे खाली वळलेत, हे आधी आईच्या लक्षात येतं, मग आशाताईच्या. "मेंदूत पाणी झालंय," असं सांगितलं जातं. जंतुसंसर्ग, जन्मजात अडथळा, पाठीच्या कण्यातलं व्यंग, अवेळी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव, अशी याची कारणं असतात. उपाय म्हणजे शंट: डोक्यातून त्वचेखालून पोटापर्यंत नेलेली नळी, मध्ये एक झडप. या झडपेची एक आवृत्ती १९५० च्या दशकात अमेरिकेत जॉन होल्टर या कारागिराने आपल्या मुलासाठी बनवली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला बनणारा छाब्रा शंट परदेशी शंटच्या अगदी थोड्या किमतीत मिळतो, आणि युगांडात मेंदूचे सर्जन बेंजामिन वॉर्फ यांनी दोन्हींची तुलना केली तेव्हा निकालात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ही आपल्या देशाची मोठी कामगिरी आहे आणि ती शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

पण शंट बिघडतो. लहान मुलांत साधारण निम्म्या नळ्या पहिल्या दोन वर्षांत कुठे ना कुठे तुंबतात किंवा संसर्गाने काढाव्या लागतात, असा जगभरचा अनुभव आहे. चंदगडच्या आतल्या एखाद्या वाडीत रात्री बाळाला उलट्या सुरू झाल्या आणि ते झापड लागल्यासारखं पडून राहिलं, तर शंभरेक किलोमीटरवरचा कोल्हापूरचा रस्ता पावसाळ्यात किती लांब होतो हे तिथल्या माणसांना विचारावं. युगांडातल्या एम्बाले गावी वॉर्फ यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांनी दोन गोष्टी एकत्र केल्या: दुर्बिणीतून मेंदूच्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला वाट करून द्यायची, आणि द्रव तयार करणारं कोरॉइड प्लेक्सस जाळून टाकायचं. नळी नाही, म्हणून नळी तुंबण्याची भीती नाही. पुढे १०० बाळांवर रीतसर चाचणी झाली आणि २०१७ मध्ये तिचा निकाल आला. वर्षभरानंतर बौद्धिक वाढीत शंटवाल्या आणि बिगरशंटवाल्या बाळांमध्ये लक्षणीय फरक नव्हता. दूरच्या खेड्यातल्या बाळासाठी ही दिलाशाची बातमी होती.

इथे प्रयोगशाळेचा आणि दवाखान्याचा असे दोन धागे एकमेकांना येऊन मिळतात. कोरॉइड प्लेक्सस म्हणजे नुसता नळ असेल तर तो बंद करायला हरकत नाही. १९१८ मध्ये वॉल्टर डँडी यांनी ते कापून काढायची शस्त्रक्रिया केली ती याच समजुतीवर. पण ती ऊती वाढत्या मेंदूला निरोप धाडत असेल, तर ती जाळल्यावर बाळाच्या पुढच्या आयुष्यात काय होतं? दहाव्या वर्षी? शाळेत? हा प्रश्न आज सर्जनला पडतो आणि पालकांनाही विचारता येतो, कारण कुणीतरी अनेक वर्षं 'निरुपयोगी' पाण्यात डोकं घालून बसलं होतं. ते बसलं नसतं तर शस्त्रक्रिया झालीच असती, फक्त हा प्रश्न विचारायचा असतो हे कुणाला सुचलं नसतं. माझ्या लेखी संशोधनाचा खरा उपयोग हा आहे. औषध सापडतं तो पुढचा भाग. आधी, आपण काय करतो आहोत हे कळतं.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की सीपीआरला व्हेंटिलेटर हवेत, परिचारिका हव्यात, तालुक्याला बालरोगतज्ज्ञ हवेत, आणि तुम्ही भ्रूणाच्या पाण्यावर पैसे मागता. मी दवाखान्याचे पैसे मागत नाही. आपला देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास करतो, दक्षिण कोरिया साडेचारच्या वर. त्या देशांनी दवाखाने बंद करून हे केलेलं नाही. संशोधकांची अधिछात्रवृत्ती कापली म्हणून एखाद्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका वाढल्या, असं घडताना मला कुठे दिसलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि आम्ही शिक्षकांनी तो ऐकून घेतला पाहिजे. पीएचडी पदोन्नतीसाठी होतात, प्रबंध इकडून तिकडून उचललेले असतात, मौखिक परीक्षेला चहा-पोहे होतात आणि प्रश्न होत नाहीत. हे सर्रास चालतं, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून काय करायचं? परीक्षक बाहेरचे आणि कडक नेमा. प्रबंध सगळ्यांना वाचता येईल असा ठेवा. मार्गदर्शकाच्या हाताखाली किती मुलं आहेत यापेक्षा त्यांनी काय शोधलं ते विचारा. संख्येवर कात्री चालवल्याने चोरटे प्रबंध थांबत नाहीत, कारण चोरटा प्रबंध लिहिणाऱ्याला अधिछात्रवृत्तीची तितकीशी गरज नसते. त्याची नोकरी आधीच पक्की असते. जी मुलगी दिवसभर इन्क्युबेटरपाशी उभी असते तिची वही त्या कात्रीने बंद होते.

अशी एक वही मी पाहिली आहे. गडहिंग्लज तालुक्यातली विद्यार्थिनी, भ्रूणाच्या मेंदूच्या वाढीवर काम करत होती. दर काही तासांचे भ्रूण ओळीने रंगवून, काचेवर चढवून, प्रत्येकाच्या पोकळीचं माप सुबक अक्षरात लिहिलेलं. मधेच अधिछात्रवृत्तीचे हप्ते थांबले. कारण कुणी सांगेना. रंगद्रव्यं उधारीवर आणली, मग खोलीचं भाडं थकलं, मग तिने एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरली. हप्ते पुढे एकदम आले, पण तोवर तिची मालिका तुटली होती आणि अंडं एकविसाव्या दिवशी उबतं, मंजुरीच्या पत्रासाठी ते थांबत नाही. राज्याच्या हिशेबात मात्र तिला सगळे पैसे दिलेले आहेत.

कोल्हापूरला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज पडू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि इतरही. दसरा चौकात उभं राहिलं की त्यातल्या काही इमारती आजही दिसतात. खेड्यातल्या मुलाची जेवणाची आणि निजण्याची काळजी मिटवली की तो शिकतो, एवढा साधा आणि पक्का विचार त्यामागे होता. मुलगा पुढे काय होणार याची हमी घेऊन कुणाला ताट वाढलं जात नव्हतं. आजच्या संशोधक विद्यार्थ्याला महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळणारी अधिछात्रवृत्ती म्हणजे तेच ताट आहे. केंद्राची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. रक्कम वाईट नाही. ती कधी हातात पडेल याचा भरवसा नसणं वाईट आहे. उशीर झाला तर व्याज द्यावं लागेल असा नियम केला, तर बराचसा उशीर आपोआप बंद होईल असं मला वाटतं.

शिवाजी विद्यापीठाला हे जमत नाही असंही नाही. पदार्थांच्या पातळ थरांवरचं तिथलं काम देशभर ओळखलं जातं आणि ते काही दोन-चार वर्षांत उभं राहिलेलं नाही. शिक्षकांच्या पिढ्यांनी एकच विषय धरून ठेवला म्हणून ते झालं. जीवशास्त्रात तसा एखादा विषय आपण निवडावा. मेंदूतल्या द्रवाचा निवडला तर त्यासाठी लागणारं बरंच काही पाच-सात किलोमीटरच्या आत आहे: वैद्यकीय महाविद्यालयं, विद्यापीठाचे विभाग आणि रोज सुईने काढला जाणारा द्रव.

त्या द्रवाचं काय होतं? मेंदूज्वराची शंका आली की दोन-तीन छोट्या बाटल्यांत तो घेतात. पेशी मोजतात, साखर आणि प्रथिनं बघतात, जंतू वाढतात का पाहतात, अहवाल देतात. उरलेले थेंब नियमाप्रमाणे नष्ट होतात. पालकांची लेखी संमती, नीतिसमितीची परवानगी आणि उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर एवढं असेल तर तेच थेंब जपून ठेवता येतील. संमती मात्र खरी हवी. घाबरलेल्या बापापुढे इंग्रजी कागद सरकवून घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो ही भीती आमच्याकडे अजून घट्ट आहे आणि ती घालवायला कोल्हापुरी मराठीत, खुर्ची ओढून, शेजारी बसून बोलणारं माणूस लागतं. तेही या संशोधनाच्या खर्चातच धरावं.

अशा जपलेल्या थेंबांतून काय निघू शकतं याचंही उदाहरण युगांडातच आहे. तिथल्या अनेक बाळांच्या डोक्यात पाणी होतं ते आधी झालेल्या संसर्गामुळे, पण नेहमीच्या तपासणीत जंतू सापडत नव्हता. स्टीव्हन शिफ यांच्या गटाने १०० बाळांच्या द्रवातली जंतूंची जनुकं शोधली आणि २०२० मध्ये पेनिबॅसिलस नावाच्या एका जिवाणूकडे बोट दाखवलं. त्याच्यावर कुणाचा संशयही नव्हता. आपल्या भागातल्या बाळांमध्ये कोणता जंतू हे करतो? तोच, की दुसराच? उसाच्या फडात पाल टाकून राहणाऱ्या तोडकऱ्यांच्या बाळांना हा धोका जास्त आहे का? बॉस्टनमध्ये हा प्रश्न कुणाला पडणार नाही, कुलाब्यातही पडेलच असं नाही. तो पडायचा तर विद्यापीठ आणि सीपीआर यांच्यामध्ये रोज ये-जा करणारी, पाच-सात वर्षं एकाच कामावर टिकून राहू शकणारी मुलंमुली इथे हवीत, आणि पाचव्या महिन्यात त्यांना "उपयोग काय" असं विचारून उठवून न देणारं सरकार हवं.